टकटकबाईंचा जबाब

टकटकबाई कुणाचाच शब्द सरळ मानायच्या नाहीत. एकतीस वर्षं कोर्टात साक्षीदारांचे जबाब टाइप केल्यावर विश्वास उरणार कसा? त्यांचा एक पक्का आडाखा होता. माणूस स्वतःबद्दल बोलताना 'मी' सोडून 'तो' म्हणायला लागला, की कुठेतरी पाणी मुरतंय. "'ड्रायव्हर बिचारा काय करणार?' असं म्हणाला ना, की समजायचं, गाडी हाच चालवत होता!"

निवृत्तीनंतर मुलगी त्यांना ग्रंथवाचनाला नेऊ लागली. तिथेही बाईंचे कान टवकारलेलेच. ग्रंथातले महापुरुष स्वतःलाच 'तो' म्हणतात हे ऐकलं मात्र, बाईंनी भर सभेत विचारलं, "का हो, सरळ 'मी' म्हणायला काय झालं होतं?"

प्रवचनकार हसले. "त्यांचा मीपणा गळून पडलेला असतो, बाई."

"किंवा मागाहून दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं असतं!"

"शिष्यांनी लिहिलं असंही काही जण म्हणतात."

"म्हणजे ऐकीव! आमच्याकडे नसतं चाललं."

सगळे हसले, मुलगी सोडून.

घरी आल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत. "आई, आपला लहानगा बाळ्या गेला त्या दिवशी तुला निरोप उशिरा मिळाला, असंच तू सांगत आलीस. शेजारच्या काकू म्हणतात, त्यांनी अकरालाच कोर्टात फोन केला होता. तू घरी आलीस दोनला. मी शाळेत होते. मला खरं काय ते हवंय."

"काकूंचं वय झालंय. त्यांना काय आठवतंय!"

"आई, मला गुंडाळू नकोस."

बाई ओट्याकडे वळल्या. धुतलेलं भांडं पुन्हा धुवायला घेतलं. मग पाठमोऱ्याच बोलू लागल्या.

"एक टायपिस्ट होती. शिपायाने येऊन तिच्या कानात सांगितलं, पोराचा ताप वाढलाय, लगेच बोलावलंय. साक्ष अर्ध्यावर होती. सुरू केलेला जबाब तिने कधी दुसऱ्याच्या हातात दिला नव्हता. साहेबांनी लगेच सोडलं असतं, पण तिने विचारलंच नाही. तिला वाटलं, थोडंच तर राहिलंय, ताप काय, उतरेल. सगळा जबाब पुरा केला तिने. एकही चूक केली नाही गं."

"कोण टायपिस्ट, आई?"

बाईंनी तोंड उघडलं. 'मी' काही बाहेर पडेना.

मुलीला भयंकर राग आला होता, आणि रडूही. तिने आईच्या हातातलं भांडं काढून घेतलं, नळ बंद केला.

"बरं," ती म्हणाली, "मग त्या बाईचं पुढे काय झालं?"