घंटा होईपर्यंत

आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत मी भाषण विसरलो, असे माझे वर्गमित्र आजही सांगतात. हे साफ खोटे आहे. सत्तर सालच्या सुमारास आमच्या मराठीच्या गुरुजींनी लिहून दिलेले ते भाषण मला अजूनही मुखोद्गत आहे. घोटाळा वेगळाच होता. गुरुजी दुसऱ्या शाळेतील एका मुलीची शिकवणी घेत आणि तिलाही त्यांनी तेच भाषण दिले होते. माझ्या आधी ती उभी राहिली आणि माझे प्रत्येक वाक्य म्हणून गेली.

पुढचे नाव माझे पुकारले गेले. पाच मिनिटांची घंटा होईपर्यंत व्यासपीठ सोडायचे नाही, असा नियम होता. पाठ केलेले बोलावे तर चोर ठरणार; स्वतःचे बोलावे तर जीभ उचलेना. समोर, दिवसभर हातमाग बंद ठेवून आलेले वडील बसले होते. ती पाच मिनिटे मी मुकाट उभा राहिलो.

बाहेर आल्यावर वडिलांनी विचारले, "काहून गा, विसरला काय?"

"नाही, बाबा. भेव लागलं."

"मंग तसंच सांगजो लोकायले."

तसे मी कोणालाही सांगितले नाही. विसरलो नव्हतो, एवढेच आजवर भांडून सांगत आलो.