चाचांची लेकरं

सांडपाण्याच्या टाकीत चाचा बोट बुडवायचे, नाकाशी न्यायचे आणि जाहीर करायचे, "आज लेकरं उपाशी हायत."

लेकरं म्हणजे जंतू. आमच्या साखर कारखान्याचं काळं, आंबूस पाणी त्या टाकीत यायचं. त्यातली घाण जंतू खायचे आणि निवळलेलं पाणी ओढ्याला जायचं. ओढ्याकाठी वस्ती आणि वस्तीच्या विहिरी. टाकी चाचांकडे होती. मी लॅबमधला केमिस्ट, रोज केडगावहून येणारा. त्यांच्या बोटाकडे बघून मी नाक मुरडलं की म्हणायचे, "साहेब, तुमची डिग्री लांबनंच वास घेती."

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. पगार सगळ्यांत कमी आणि काळजी सगळ्यांची.

एकदा मी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली टाकीतला थेंब दाखवला आणि कडेला गुळाचं पाणी लावलं. जंतू तिकडे सरकू लागले. गोडी वाढतेय असं कळलं की ते सरळ पोहतात, कमी झाली की जागीच गिरकी घेऊन दुसरी वाट धरतात. चाचा सूक्ष्मदर्शकावरून डोळा हटवेनात.

"डोळं न्हाईत, नाक न्हाई, तरी वाट गावतीया. आपल्याला दोनी असून गावत न्हाई." मग म्हणाले, "आन इखारी काय आलं तर?"

"लांब पळतात."

"टाकीत कुटं पळत्याल?"

मी हसलो होतो.

कारखान्यातली रसाची भांडी कॉस्टिक सोड्याने धुतात. धुण्याआधी लॅबने चाचांना फोन करायचा, ही रीत. मग चाचा ते जंतूंना मारणारं धुण्याचं पाणी वेगळ्या खड्ड्यात वळवून टाकीत थोडं थोडं सोडायचे. ऐन हंगामात एका सकाळी बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि आत धुण्याची घाई चालली होती. फोन करायचं काम माझं होतं. मी विसरलो.

दुपारी चाचा थेंब घेऊन धावत लॅबमध्ये आले. आम्ही गुळाचं पाणी लावलं. काही हललं नाही. त्यांनी पुन्हा लावलं, पुन्हा. काचेवर वाकून म्हणत होते, "या की रं. गोड हाय, या की."

त्यांनी शेण कालवून ओतलं, दुसऱ्या कारखान्यातून टाकीचा गाळ आणवला. दोन दिवसांत टाकी काठोकाठ भरली. जंतू नव्याने वाढेपर्यंत गाळप थांबवा, हे पाणी ओढ्याला सोडू नका, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यासाठी पांढऱ्या दाढीचा तो माणूस मोठ्या साहेबांच्या पायाशी वाकला.

साहेबांनी मला विचारलं, "पाणी सोडलं तर चालेल ना?"

चाचाही माझ्याकडे बघत होते. गाळप थांबलं असतं तर कारण शोधलं गेलं असतं आणि माझा न केलेला फोन बाहेर आला असता. मी म्हणालो, "चालेल."

इतका नीचपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

पाणी सुटलं. चाचा सायकल काढून गेटबाहेर पडले ते परत कामावर आलेच नाहीत. आता लेकीच्या गावी, खर्ड्याला असतात म्हणे.

पंधरा दिवसांनी हिय्या करून मी वस्तीवर गेलो. विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. कारखान्याहून आलोय म्हटल्यावर एका म्हातारीने मला ओसरीवर बसवलं.

"तुमच्यातलं ते दाढीवालं बाबा पानी सोडलं त्याच दिशी आल्तं," ती म्हणाली. "घरोघर फिरून इहिरीचं पानी पिऊ नगा म्हनलं. लई रडलं. म्हनलं, मला फोन आल्ता, मीच उचलला न्हाई."

तिने तांब्या पुढे केला. "प्या, टँकरचं हाय."

मी पाणी प्यायलो. फोन कुणी केलाच नव्हता, हे तिला सांगितलं नाही.