शिफूंचा शेवटचा शिष्य

"शुक्रवारी मला कॅट्सकिलला नेशील का गं? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टर हायवेवर ड्राइव्ह करू देत नाहीत." मुकुंदकाकांचा फोन आला तेव्हा मी धुतलेल्या कपड्यांच्या ढिगात बसले होते. काका माझे सख्खे कोणी नव्हेत. पार्सिपनीत आमच्या मागच्या गल्लीत राहतात, मूळचे नागपूरचे, औषधांच्या कंपनीतून रिटायर झालेले केमिकल इंजिनीअर. काकू गेल्यापासून घरात एकटेच असतात. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितल्याचं आठवेना, म्हणून कुठे, कशाला, काही न विचारता मी हो म्हणून टाकलं.

कशाला ते नंतर कळलं. काका वीसेक वर्षं तिथल्या एका म्हाताऱ्या चिनी गुरूंकडे शिंग-यी शिकतायत. चिनी युद्धकलांमध्ये ज्यांना 'आतल्या' कला म्हणतात, त्यातली ही एक. ताय-ची आपण बागांमधून पाहिलेली असते. बा-ग्वा नावाच्या कलेत गोल गोल चालत राहायचं असतं. शिंग-यी मात्र सरळ रेषेत पुढे जाते आणि तिचे मूळ ठोसे पाचच. पण ठोशाच्या आधी शिकायचं ते उभं राहायला. एक पाय पुढे, एक मागे, हात छातीसमोर, आणि तसंच राहायचं. काका रोज सकाळी गराजमध्ये गाडीकडे तोंड करून असे उभे असतात. गल्लीतली मुलं त्यांना 'स्टॅच्यू अंकल' म्हणतात. खोटं कशाला बोलू, मीही म्हणत होते.

ज्यांना त्या बाजूला जायचंय त्यांच्यासाठी: पार्सिपनीहून २८७ नंबरच्या हायवेने वर जायचं आणि थ्रूवे, म्हणजे टोलचा मोठा रस्ता, पकडायचा. ट्रॅफिक नसेल तर दोन तासांत डोंगर सुरू होतात. ऑक्टोबरात पानं रंगतात आणि मोटेलवाले भाव दुप्पट करतात, तेव्हा बुकिंग आधी करा. आम्ही केलं नव्हतं. मिळाली त्या दोन खोल्यांना ओल्या गालिच्याचा वास येत होता. पण समोरच्या डायनरमधलं ॲपल पाय इतकं सुंदर होतं की मी मोटेलला माफ करून टाकलं. गावाचं नाव देत नाही. आपल्या दारात गर्दी झालेली शिफूंना आवडणार नाही. शिफू म्हणजे गुरुजी, त्यांना सगळे तेच म्हणतात.

वाटेत काका खुशीत होते. पहिल्या दिवसाची गोष्ट सांगत होते. "मी आत गेलो आणि आपल्या सवयीनं वाकून नमस्कार केला. पाय शिवले. तर सगळा हॉल चूप! त्यांच्यात गुरूपुढे असं वाकायचं म्हणजे सगळ्यांदेखत 'मला शिष्य करा' म्हणायचं. मला काय माहीत? शिफू मागे सरकले. म्हणाले, 'नॉट नाऊ.'"

"मग?"

"मग काय. विद्यार्थी वेगळा आणि शिष्य वेगळा. विद्यार्थी फी देतो, शिकतो, घरी जातो. शिष्य घरचा होतो. उद्या शिफू शेवटचा शिष्य घेणार आहेत. त्याला दार लावून घेणारा शिष्य म्हणतात. त्याच्यानंतर कोणी नाही." काकांनी सीटबेल्ट उगाच नीट केला. "फोनवर म्हणाले, मुकुंद, तू यायलाच पाहिजेस."

मागच्या सीटवर त्यांचा नवा पांढरा सदरा हँगरला लावलेला होता.

शनिवारी सकाळी मोटेलवरून शिफूंकडे पोचलो. शिफूंचं घर म्हणजे जुनं लाल कोठार, वर राहायची जागा, खाली लाकडी जमिनीची तालीम. भिंतीवर त्यांच्या गुरूंचा आणि गुरूंच्या गुरूंचा फोटो, बाजूला शिष्यांची नावं, खाली उदबत्त्या. शिफू खुर्चीत होते. वय पंच्याऐंशीच्या पुढे, गुडघे पार गेलेले, मनगटं मात्र अजून सुताराची वाटावीत अशी. नाश्त्याला तांदळाची पेज होती. काकांनी पार्सिपनीहून नेलेलं लिंबाचं लोणचं शिफूंनी स्वतः वाढून घेतलं. दर खेपेला नेतात म्हणे.

पेज संपल्यावर शिफूंनी एका मुलीला पुढे बोलावलं. मारिसोल, तिशीतली, जवळच्या शाळेत शिकवते. "ही माझी शेवटची," शिफू म्हणाले. मग काकांकडे वळले. "मुकुंद, तू हिची हमी घे."

या विधीत शिष्यासाठी कोणीतरी हमी घ्यावी लागते. हे माणूस चांगलं आहे, चुकलं तर मला विचारा, असं सगळ्यांपुढे सांगायचं असतं. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. ते "येस, शिफू" म्हणाले आणि बाहेर निघून गेले. विधी दुपारी होता.

मला राग आवरेना. शिष्यगिष्य मला काही कळत नाही, पण एवढं वय झालेल्या माणसाला बोलावून घेऊन असं करतात का? मी भांडी विसळायच्या निमित्तानं शिफूंच्या स्वयंपाकघरात गेले आणि सरळ विचारलं, "इतकी वर्षं थांबले ते. त्यांना का नाही?"

शिफूंचं इंग्रजी तुटक आहे, पण त्यात गोंधळ नसतो. "पहिल्या दिवशी तो वाकला. नंतर मला सांगितलं, आमच्याकडे सगळ्याच मोठ्या माणसांपुढे वाकतात. मला वाटलं, म्हणजे ती नुसती रीत होती." पुढे म्हणाले, "आमच्यात शिष्यानं स्वतः मागायचं असतं. गुरू बोलावत नाही. दर नव्या वर्षाला मी त्याच्याकडे बघायचो. तो चहा प्यायचा, लोणचं ठेवायचा, घरी जायचा. मारिसोलनं मागितलं. मी नाही म्हटलं. तिनं परत मागितलं."

"मग आता घ्या ना त्यांना."

"शिष्य घेणं म्हणजे दहा वर्षं देणं. माझ्याकडे दहा वर्षं नाहीत. तिच्यासाठीसुद्धा नाहीत. म्हणून हमी घेणारा तो पाहिजे. मी गेल्यावर हिला कोण शिकवणार?"

हे काकांना सांगावं की नाही, मला समजत नव्हतं. माहीत नसतं तर ते निदान शिफूंवर रागावू शकले असते. पण त्यांच्याकडून मागायचं राहिलं हे शिफूंना माहीत, मला माहीत आणि त्यांना एकट्यालाच नाही, हे मला बघवलं नसतं. मेपलच्या झाडाखाली ते पांढरा सदरा हातात धरून उभे होते. मी सांगितलं, जसंच्या तसं.

ते सदऱ्याची घडी घालू लागले. मग म्हणाले, "आई सांगायची, मोठ्यांकडे मागायचं नसतं. आपली लायकी असली की ते बोलावतात." सदऱ्याची घडी पुन्हा घातली. "मी सगळं आयुष्य असंच केलं गं. नोकरीत पण." आणि ते रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, काकूंच्या वेळीही नाही.

दुपारी त्यांनी तो सदरा घातला. मारिसोलनं गुडघे टेकून तीनदा डोकं जमिनीला लावलं, दोन्ही हातांनी शिफूंना चहा दिला. शिफूंनी विचारलं, हिची हमी कोण घेतो? सगळे काकांकडे बघत होते.

"मी घेतो," काका म्हणाले. आवाज स्वच्छ होता.

निघताना ते शिफूंच्या खुर्चीपाशी गेले आणि पहिल्या दिवसासारखेच वाकले. या वेळी शिफू मागे सरकले नाहीत. काकांनी विचारलं, "मी मागितलं असतं तर?"

शिफूंनी त्यांचं मनगट धरलं. "हो म्हटलं असतं. कुठल्याही वर्षी."

परतीच्या वाटेवर पानं भयंकर सुंदर दिसत होती आणि आम्ही दोघंही ती नीट बघत नव्हतो. थ्रूवेवर थांबून कॉफी घेतली. काकांनी पैसे द्यायचा हट्ट केला, मी देऊ दिले.

याला आता दोन महिने होतील. काय राहिलं म्हणाल, तर कोठारातल्या भिंतीवर काकांचं नाव नाही आणि आता ते लागणारही नाही. त्याला गोड शेवट लावायचं माझ्या जिवावर येतं. पण ते अजून गराजमध्ये रोज उभे असतात, आणि मी त्यांना स्टॅच्यू म्हणणं सोडलंय.

मागच्या शनिवारी मारिसोल पहिल्यांदा पार्सिपनीला आली. मी काकांना डबा द्यायला गेले होते, म्हणून दारातच होते. ती पायरीवर अवघडून उभी, आत यावं की बोलावण्याची वाट बघावी, या विचारात. काकांनी गराजचं दार वर केलं आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच तिला म्हणाले, "एक नियम आहे. इथे जे हवं ते तोंडानं मागायचं. मी मनातलं ओळखत नाही."

बूट काढायच्या आधीच तिनं मागितलं, "मला शिकवा."