मोतीलालने आणून दिलेली जागा

जळगावच्या कुंदाबाईंच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी सहाचा एक नेम होता आणि तो मोडायची कुणाची प्राज्ञा नव्हती. प्रत्येकाने आपल्या मशीनची अक्षरं ब्रशने साफ करायची, रोलर पुसायचा, वर खोळ घालायची आणि मगच चपला शोधायच्या. १९८१ पासून हे असंच चाललेलं. कलेक्टर कचेरीपासून जामनेरच्या मार्केट कमिटीपर्यंत निम्मे कारकून या बाईंच्या हाताखालून गेले होते, आणि त्यातल्या बहुतेकांना रिकाम्या हातानेही टेबलावरची धूळ झटकायची सवय लागली होती.

पण १९९७ उजाडेपर्यंत साठ विद्यार्थ्यांचे अकरा झाले. जो तो विचारी, "बाई, कॉम्प्युटर शिकवता का?" शेवटी बाईंनी चार जुनी मशीनं मोडीत काढली आणि एक वापरलेला कॉम्प्युटर आणला. तो शिकवायच्या आधी शिकायला हवा होता, म्हणून कुणाचा अर्ज, कुणाची प्रश्नपत्रिका असली कामं घेत त्या एकेक बटण शिकत गेल्या. त्यांच्या यजमानांनी एकदाच विचारलं, "पुढच्या जूनला इन्स्टिट्यूट उघडायची का?" बाईंनी हिशेबाची वही पुढे ओढली.

त्या प्रश्नाचं उत्तर तोतारामनाना घेऊन आले. नाना आपल्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचे अध्यक्ष. दरवर्षी मेळाव्यात इच्छुक मुला-मुलींची एक पुस्तिका निघायची, नाव, शिक्षण, शेती किती, मामाचं गाव कोणतं, आणि वर फोटो. यंदाची पुस्तिका नानांनी कुंदाबाईंकडे दिली. बाईंना कॉम्प्युटरचा सराव नाही म्हणून कमिटीतल्या काहींनी नाकं मुरडली, पण नाना बधले नाहीत. तीनशे अठरा नावं, हजार प्रती, आणि ज्या घरात लग्न व्हायचंय अशा प्रत्येक घरात ती पुस्तिका जाणार. काम देखणं झालं तर त्याच घरांच्या लग्नपत्रिका आपल्याकडे येतील आणि दार उघडं राहील, एवढा साधा हिशेब बाईंनी मनाशी केला होता. काम फसलं, तर जूनमध्ये कुलूप.

महिनाभर त्या टाइप करत राहिल्या. टायपिंगमध्ये त्यांचा हात कोण धरणार. घोडं अडलं ते फोटोंपाशी. फोटो दुसऱ्या एका दुकानातून फ्लॉप्यांवर भरून यायचे. एका फ्लॉपीत तीन-चार मावत, आणि प्रत्येक फोटो कॉम्प्युटरमध्ये उतरला की आतली जागा थोडी कमी व्हायची. जागा कुठे जाते हे बघायला बाईंनी एक दिवस सगळ्या फायली ओळीने वाचून काढल्या. त्यात त्यांना एक फाईल सापडली. भलीमोठी, पन्नास फोटोंएवढी जागा एकटी खाणारी, आणि त्यावर तारीख आजची.

"ही मी टाइप केलेली नाही," बाई स्वतःशीच म्हणाल्या. कागदावर आपण न उठवलेलं अक्षर दिसलं की लाल पेन्सिल उचलणारी ही बाई. त्यांनी ती फाईल पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल जागच्या जागी हजर. संध्याकाळी बाईंनी पुन्हा पुसली. सकाळी पुन्हा हजर. आठ दिवस हा खेळ चालला. अकरा विद्यार्थी मशीनं पुसत आणि बाई ती फाईल पुसत. आणि साठ फोटो अजून उतरायचे होते.

नवव्या दिवशी बाई हट्टाला पेटल्या. सेटिंगच्या खिडक्या उघडत उघडत त्यांना ती फाईल तयार करणारी जागाच सापडली. 'व्हर्च्युअल मेमरी' असं तिचं नाव होतं आणि ती बंद करायची सोयही तिथेच होती. त्यांनी तिथे खूण केली. कॉम्प्युटरने लांबलचक इंग्रजी सूचना दाखवली. बाईंनी ती अक्षरन् अक्षर वाचली, आणि सोळा वर्षांच्या सवयीने स्पेलिंगच्या चुका आहेत का तेवढं पाहिलं. एकही चूक नव्हती. अर्थाकडे लक्ष द्यायचं राहून गेलं. त्यांनी 'होय' दाबलं.

कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू व्हायला लागला आणि अर्ध्यावर थांबला. पुन्हा लावला, पुन्हा थांबला. मेमरी पुरत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. शनिवार होता. गुरुवारी पुस्तिका छापखान्यात द्यायची होती. तीनशे अठरा घरांनी विश्वासाने दिलेली माहिती आत अडकली होती, आणि अडकवली होती आपणच, दुसऱ्या कुणाला बोल लावायचीही सोय नव्हती.

समोरच्या एसटीडी बूथवरून त्यांनी दीपनगरला फोन लावला. मोतीलाल बागूल त्यांचा चौऱ्याऐंशी सालचा विद्यार्थी, मूळचा नरडाण्याकडचा, आता औष्णिक केंद्राच्या स्टोअरमध्ये कारकून. तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा तो सगळ्यांत आधी जाऊन बसला, आणि पुढे हौसेने घरीही एक जुना कॉम्प्युटर जोडून घेतला होता. बाईंनी फोनवर सगळं खरं सांगितलं. पुसलेल्या फाईलचंसुद्धा. तो हसला नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारच्या एसटीने आला.

आल्यावर त्याने काळ्या पडद्यावर एक फाईल उघडली, त्यातली एक ओळ खोडली आणि कॉम्प्युटर पुन्हा लावला. बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. नेहमीचं चित्र पडद्यावर आलं, पुस्तिका उघडली, पानं सरकली. मोतीलाल एरवी बाईंशी शुद्ध बोलायचा. त्या वेळी त्याच्या तोंडून घरची अहिराणीच आली.

"बाई, बठ्ठं शे. काहीच गयं नही."

सगळं होतं, काहीच गेलं नव्हतं. बाईंचा जीव भांड्यात पडला. मग त्याने त्यांना समजावून सांगितलं. "उडदाचे पापड करता ना तुम्ही? लाटायला पोळपाट केवढासा. लाटून झालेला पापड खाटेवर जातो, म्हणून पुढचा लाटता येतो. कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे तो पोळपाट, तुमच्याकडे फार लहान आहे. ती फाईल म्हणजे खाट. तुम्ही रोज खाट उचलून ठेवत होता, तो रोज परत मांडत होता. आज तुम्ही त्याला खाट मांडूच नको म्हणालात."

"मग साठ फोटो कुठे ठेवू?" बाईंनी विचारलं. कारण अडचण तिथेच होती. फोटो भरले तर त्या फाईलला जागा उरत नव्हती, आणि फाईलला जागा दिली तर फोटो मावत नव्हते.

मोतीलाल उठला. "उद्या येतो," म्हणाला.

रविवारी सकाळी तो आला तेव्हा बगलेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. हार्ड डिस्क. घरच्या कॉम्प्युटरची काढून आणलेली. त्याने बाईंच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, ती दुसरी डिस्क आत जोडली आणि बाईंनाच खुर्चीवर बसवलं. "आता तुम्ही करा. मी सांगतो." व्हर्च्युअल मेमरी पहिल्या डिस्कवरून काढून दुसरीवर कशी न्यायची, कमीत कमी आणि जास्तीत जास्त जागेचे दोन्ही आकडे सारखेच का लिहायचे, म्हणजे ती फाईल सारखी फुगत-आटत बसत नाही आणि काम अडखळत नाही, हे सगळं त्याने एकेक करून त्यांच्याच हातून करवून घेतलं. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. सोळा वर्षं दुसऱ्यांना चुका दाखवणाऱ्या बाईंना त्या दिवशी कुणीतरी न हिणवता शिकवलं, आणि त्याचं त्यांना फार बरं वाटलं.

साठच्या साठ फोटो उतरले. पानं भराभर सरकू लागली. बुधवारी शेवटची तपासणी झाली.

पुस्तिकेच्या शेवटी ऋणनिर्देशाचं पान असायचं. मांडववाले, जेवणवाले, सभागृह देणारे, सगळ्यांचे आभार. बाईंनी त्यात मोतीलालचं नाव घातलं. नानांनी तपासताना त्यावर बोट ठेवलं.

"हे कोण?"

बाईंनी सांगितलं. नानांनी नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. "माणूस चांगला आहे, मी नही म्हनत नही. पण कुंदाबाई, या पानावर आपल्या समाजाचीच नावं राह्यतात. आजपर्यंत बाहेरचं एक नाव आलं नही. उद्या लोक मलेच बोलतीन."

बाईंनी वाद घातला नाही. नानांनी त्यांच्यासाठी कमिटीशी भांडण घेतलं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या. पण त्या रागावल्या होत्या, हेही खरं. ज्या माणसाने स्वतःच्या घरचा कॉम्प्युटर उघडा टाकून तीनशे अठरा घरांचं काम वाचवलं, त्याला चार शब्दांची जागा नाही?

नाना गेल्यावर त्यांनी ते नाव काढलं. मग मागच्या आवरणाच्या तळाशी आल्या. तिथे बारीक अक्षरात एक ओळ असते, ती धंद्याची ओळ, तिला समाजाचा नियम नाही आणि ती कुणी तपासतही नाही. 'अक्षरजुळणी : कुंदा टायपिंग इन्स्टिट्यूट, जळगाव.' बाईंनी ती पुसली आणि तिथे 'अक्षरजुळणी : मोतीलाल बागूल, दीपनगर' असं लिहिलं. हजार घरांत आता आपलं नाव जाणार नाही, त्याचं जाईल, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. यजमानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, मग पत्रिका कोण आणणार?" बाई म्हणाल्या, "न येवोत. त्याच्यावाचून पुस्तिकाच निघाली नसती." तरी त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

मेळावा झाला. महिना गेला, दुसरा लागला. पत्रिकेचं एकही काम आलं नाही.

मग एका सकाळी यावलकडचे पितांबर पाटील म्हणून एक गृहस्थ दारात आले. बगलेत पुस्तिका, सोबत त्यांची बायको. मुलीचं लग्न मेळाव्यातच जमलं होतं.

"आम्ही आधी दीपनगरले गेलो होतो," ते म्हणाले. "इथं छापलंय ना त्या बागुलांकडे. त्यांनी चहा पाजला अन् म्हनाले, हे काम माझं नही, माझ्या बाईंचं आहे, जळगावले जा. आमच्या जरा आधीच दोघं येऊन गेले म्हने, त्यांलेही तुमचाच पत्ता दिला. अन् ही चिठ्ठी दिली."

कुंदाबाईंनी चिठ्ठी उघडली. मोतीलालने लिहिलं होतं, "बाई, तुमचं नाव पुसायला नको होतं. लग्नसराई आहे, काम वाढेल. डिस्क तुमच्याकडेच राहू द्या, मला लागत नाही."

बाईंनी चिठ्ठीची घडी केली आणि पाहुण्यांना बसायला खुर्च्या दिल्या. डिस्कशिवाय मोतीलालचा कॉम्प्युटर सुरूसुद्धा होणार नाही, एवढं त्यांना आता चांगलं कळत होतं.