चालू स्थितीत काढलेल्या मोटारी

नवरात्र: तापलेल्या मोटारी चाचणीतून काढण्याचा तोंडी हुकूम, जबाबदार, उत्पादन व्यवस्थापक. दिवाळी: अहवाल रवाना, जबाबदार, तेच. संक्रांत: अहवालाखाली माझ्या संमतीविना माझे नाव टंकलेले आढळले, जबाबदार, तेच आणि मौन पाळणारे संचालक. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ठाण्यातल्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासनीस होतो, तेव्हाची ही हकिकत.

आम्ही इमारतींच्या पाणीपंपांसाठी मोटारी बनवत असू. त्यांतल्या काही अखंड चालवून त्या किती टिकतात हे पाहायचे. ठरलेली मुदत संपूनही एखादी चालूच राहिली, तर तिचे पूर्ण आयुष्य कळत नाही. ते मुदतीहून अधिक आहे, एवढेच कळते. संख्याशास्त्र अशा अर्धवट नोंदीलाही न्याय देते. अट एकच: मोटार काढण्याच्या कारणाचा तिच्या प्रकृतीशी संबंध नसावा. मुदत संपली म्हणून काढली, हे ग्राह्य. जळका वास येऊ लागला म्हणून काढली, हे अग्राह्य. अत्यवस्थ रुग्णाला घरी धाडायचे आणि आमच्याकडे कोणी दगावत नाही असे सांगायचे, त्यातलाच हा प्रकार.

चाचणी पाहणारे फिटर खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. एका मोटारीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "साहेब, हिच्यावर टोप ठेवा, चा होईल."

मी हरकत घेताच व्यवस्थापक हसले. "अहो वकीलसाहेब, मेली का ती? नाही ना? मग 'चालू स्थितीत काढली' असं लिहा."

"अजून थोडी चालू द्या, मग लिहितो."

"तुमचं कोर्ट उठलं की कळवा," म्हणत त्यांनी स्वतःच बटण बंद केले.

मी अहवालावर सही नाकारली. पुढे डोंबिवलीत, कोपरला, माझ्याच इमारतीत तसलीच मोटार बसली आणि जळाली. सोबतच्या प्रमाणपत्रावर माझे नाव होते. बादल्या घेऊन जिना चढणारे शेजारी विचारत, "पास तुम्हीच केलीत ना?" मी सही केली नव्हती, हे कोणाकोणाला पटवणार? कारखान्याने माझ्या एकाही पत्राची साधी पोच दिली नाही.

तेच व्यवस्थापक आज ठाण्यात गुणवत्तेवर व्याख्याने देतात. त्यांनी पुढच्या व्याख्यानात, श्रोत्यांसमोर सांगावे: त्या मोटारी कोणत्या कारणाने काढल्या, आणि मी नाकारलेल्या सहीच्या जागी माझे नाव कोणी घातले? खासगीत दिलेले उत्तर मी स्वीकारणार नाही.