साधूंच्या बखरीतलं गाव

लॉकडाउनमध्ये आमच्या सँडीफोर्ड उपनगरातल्या बागेत एक आयरिश आजोबा रोज क्रुसेडच्या धर्मयुद्धांतल्या लढवय्या साधूंची जाड बखर वाचत बसायचे. एके दिवशी त्यांच्या डोळ्याला पट्टी होती. पुस्तक बाकावर ठेवून ते दोन मीटर मागे सरकले आणि मला म्हणाले, "साधूंनी एका गावाला घातलेला वेढा अर्ध्यावर राहिलाय गं. वाचून दाखवशील?"

मीटिंगमध्येही माझा आवाज फुटत नाही. पण शिड्या तटाला लागल्या आणि मी चक्क ओरडून वाचू लागले.

"ढकला खाली!" आजोबा काठी आपटत होते. ते गावाच्या बाजूने होते!

मग ओळ आली, 'गावाने आनंदाने दरवाजे उघडले.'

काठी थांबली. "लिहिणारा साधूंचाच माणूस ना," ते पुटपुटले.

मला राहवेना. छापलेलं सोडून मी खणखणीत वाचलं, "दरवाजे आतून घट्ट बंद होते."

"ग्रँड!" ते पुढे झुकले. "मग?"