अभ्यासिकेची कोनशिला

तो गुन्हा आठवला की आजही माझं डोकं भडकतं, आणि पहिला राग स्वतःचाच येतो.

कोल्हापुरातलं पोलीस ठाणं, मी तिथला फौजदार. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. साठी उलटलेल्या एक बाई आल्या. आयुष्यभर म्हशी राखून, घरोघर दूध घालून साठवलेली पुंजी त्यांनी एका कॉलेजला दिली होती. त्यातून मुलींसाठी अभ्यासिका उभी राहिली होती.

"सायेब, अभ्यासिकेच्या भिंतीतला दगड चोरीला गेलाय."

ठाणे अंमलदार हसला. लाज वाटते सांगायला, मीही हसलो.

"हसू नगा. माझं नाव गेलं तर जाऊ दे की. पर पोरींकडनं एक पैसा घ्यायचा न्हाय, ही अट त्यावर कोरली हुती. अटीचा माझ्याकडचा कागद पुरात गेला. आता तिथं खासगी क्लासवाल्याचं कुलूप हाय. पोरी बाहेर पायरीवर बसत्यात."

मी त्यांना खुर्ची दिली आणि तक्रार लिहून घेतली.

कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या सेक्रेटरींना बोलावलं. पायावर पाय टाकून ते म्हणाले, "रंगकामात दगड फुटला. आणि दान दिलं म्हणून इमारत त्यांची झाली व्हय? अटीचा कागद दाखवा की."

असा संताप आला होता! पण हातात काही नव्हतं.

चार दिवसांनी कॉलेजच्या शिपायानं हळूच कानावर घातलं, दगड काढायला कागलचा एक गवंडी आला होता. त्याला ठाण्यात आणलं. आवाज चढवावा लागला नाही. समोर पाणी ठेवलं तसा तो बोलू लागला.

"सेक्रेटरी म्हणालं, फोडून टाक. पर अक्षरं कोरल्याला दगड, हात उचलंना झाला. गोठ्यात पोत्याखाली ठेवलाय, सायेब."

पंचांसमक्ष दगड जप्त केला. अट शाबूत होती. विश्वासघाताचा गुन्हा दाखल होतोय म्हटल्यावर सेक्रेटरींचा सूर एकदम मऊ झाला. बाईंचा जाहीर सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊ, म्हणाले. निर्लज्जपणाची कमाल!

"शाल नगं," बाई म्हणाल्या. "कुलूप काढा."

गुन्हा मी नोंदवलाच. कुलूप निघालं तेव्हा हजर होतो. पोरी आत गेल्या, बाई मात्र दारातच थांबल्या. मी म्हटलं, "चला की आत."

"मला कुठं वाचाया येतंय, सायेब? ज्यास्नी येतंय, त्यांनीच दगड काढला."

शिकल्या-सवरल्या माणसाचा शब्द खरा धरून चालायचं मी त्या दिवसापासून सोडलं.